टॉवर पाइपामुळे पडत नाही: हॅम रेडिओचा खांब उभारण्याआधी

आजचा भाग हॅम रेडिओच्या अँटेनासाठी खांब किंवा टॉवर कसा उभारायचा यावर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे, म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. माझा पहिला खांब पडला.

साताऱ्यातलं आमचं दुमजली घर. गच्चीवर ९ मीटरचा जीआय पाइप, त्याला तीन दिशांना ताणाच्या तारा. मे महिना होता. आई गच्चीवर कुरडया वाळत घालायची. एके सकाळी खाली येऊन म्हणाली, "अरे, तुझी एक तार कपड्यांच्या दोरीसारखी लोंबतेय." मी म्हटलं, "बघतो गं रविवारी." शुक्रवारी संध्याकाळी वळीव आला. आई शेवटचं ताट उचलून जिन्यात आली आणि मागे खांब आडवा झाला. कुरडयांची बाज मधोमध मोडली. दोन मिनिटांचा फरक.

नंतर पाहिलं तर पाइप सरळ होता. तारही तुटली नव्हती. तार ताणायचा टर्नबकल वाऱ्याच्या थरथरीने हळूहळू उलटा फिरत पूर्ण सुटला होता. त्याच्यातून अडकवायची वीतभर बांधणीची तार मी घातली नव्हती. म्हणून आजचा मुद्दा एकच: खांब पाइपामुळे क्वचित पडतो, पडतो तो कुणी न पाहिलेल्या बारीक वस्तूमुळे.

आता क्रमाने घेऊ.

उंची किती हवी?

आधी ठरवा, बोलायचं कुणाशी. ७ मेगाहर्ट्झवर महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत गप्पा मारायच्या असतील, तर १०-१२ मीटरवरचा साधा डायपोल उत्तम. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, म्हणजे त्याची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला साधारण २० मीटर तार. एवढ्या उंचीवरून लहरी बऱ्याचशा वर जातात आणि आयनोस्फिअरवरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. इथे टॉवरवर पैसे घालू नका.

१४५ मेगाहर्ट्झवर मात्र उंचीच राजा. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज ढोबळमानाने ४.१ गुणिले उंचीचं वर्गमूळ. ९ मीटरला १२ किलोमीटर, ३६ मीटरला २५. उंची चौपट केली तेव्हा अंतर दुप्पट झालं. आणि मध्ये अजिंक्यतारा आला तर हे गणितही संपलं. त्यामुळे आधी डोंगर बघा, मग पाइप.

वाऱ्याचं गणित

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. पुण्याच्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९० किलोचा रेटा येतो. वर अर्ध्या चौरस मीटरची यागी असेल, तर खांबाच्या टोकाला कुणीतरी ४५ किलोने आडवं ढकलतंय असं समजा. पाइपावरचा वारा वेगळाच. आपण खांब तोलतो तो अँटेनाच्या वजनावर, पण पाडतो तो हा आडवा रेटा.

पाइप आणि ताण

जीआय पाइप ए, बी, सी अशा क्लासमध्ये मिळतो. ए क्लास हलका, तो घेऊ नका. पाइपाची लांबी ६ मीटर, त्यामुळे जोड येणारच. सॉकेटचा जोड टाळा, कारण आट्या पाडताना तिथला पत्रा पातळ होतो. दोन इंची पाइपात दीड इंची पाइप किमान दोन फूट आत घाला, मधली फट लोखंडी पट्टीने भरा आणि आरपार दोन बोल्ट मारा.

ताण दोन उंचीवर द्या: एक जोडाच्या जरा खाली, दुसरा टोकाजवळ. तीन दिशा, प्रत्येकीत १२० अंश. खालचा आकडा खांबाच्या बुंध्यापासून उंचीच्या ६० ते ८० टक्के लांब. आणि हे जपून ऐका: गच्चीच्या कठड्याला तार बांधायची नाही. तो चार इंची विटांचा असतो, तारेबरोबर तोच येईल. आकडा कॉलमला किंवा बीमला.

तारेचा फास आवळणाऱ्या क्लिपा बऱ्याच जण उलट्या लावतात. यू-आकाराचा बोल्ट तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर बसवायचा आणि खाचांचं बूड ताण घेणाऱ्या लांब तारेवर. उलटं केलं तर यू-बोल्ट नेमकी ताणातली तार चिरडतो. एका फासाला तीन क्लिपा. आणि टर्नबकलमधून बांधणीची तार घालून दोन्ही टोकांना पीळ द्या. त्यात कंजुषी करू नका, मी केली होती.

केबल

खांबावर हजारो रुपये घालून खाली पातळ केबल लावणारे भेटतात. १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ मधून २५ वॉटपैकी जेमतेम ६-७ वॉट वर पोचतात. आरजी-२१३ मधून १३-१४. टॉवर ५ फुटांनी वाढवण्याआधी केबल बदला. वरचा जोड पावसाळ्याआधी स्वतः चिकटणाऱ्या रबर टेपने बंद करा. एकदा आत पाणी गेलं की ती केबल टाकून द्यावी लागते.

वीज

थेट वीज पडली तर पूर्ण बचाव कुठलाच नाही. पण खांबापासून जमिनीपर्यंत जाड पट्टी, शक्य तितकी सरळ, काटकोन न करता न्या. तिचं अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडा. दोन वेगवेगळी ठेवलीत, तर वीज पडताना दोघांमधला व्होल्टेजचा फरक तुमच्या रेडिओतून जातो. आणि आभाळ भरलं की केबल काढा, गडगडाट ऐकू आल्यावर नाही.

उभारायचा दिवस

विजेच्या तारेपासून खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट दूर. हा नियम कधीच मोडू नका. उभा करताना चार-पाच माणसं, पण आज्ञा एकाचीच. वर चढणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोर, म्हणजे एक सोडताना दुसरा लागलेला राहतो. एकट्याने चढायचं नाही. संध्याकाळ झाली की काम उद्यावर टाका. लायसन्स हवंच, शिवाय सोसायटीची लेखी संमती घ्या, विमानतळाजवळ राहत असाल तर उंचीची परवानगीही.

आता माझ्याकडे दुसरा खांब आहे. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास, वळिवाआधी, मी प्रत्येक टर्नबकल, क्लिप, बोल्ट हाताने चाचपतो. आई अजून कुरडया तिथेच वाळत घालते. फक्त ती आधी तारा बघते, मग बाज टाकते. आणि तिने "अरे" म्हटलं की मी रविवारची वाट बघत नाही.

तुमच्या खांबाचे अनुभव जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, आपल्या हॅम भाषेत, ७३!