अळंबी ओळखावी कशी?

मंडळी, पावसाने जोर धरला, की आमच्या माजिवड्याच्या आसपास डोंगराकडच्या बाया अळंबीचे वाटे मांडून बसतात. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक मुलगा तशाच पांढऱ्या छत्र्या बागेतल्या हिरवळीवरून रुमालात गोळा करून आला. म्हणाला, “सर, बाजारातल्याच ना या?” मी एक उलटी करून पाहिली. आतले पडदे हिरवट दिसले. म्हटले, “बाळ, आईला ही चिरू देऊ नकोस.”

का बरे? बाजारातली अळंबी वारुळाची. वाळवी आपल्या घरात पानाकाडीवर बुरशी पोसते, तिचेच हे फळ. १९४२ साली शास्त्रज्ञांनी या वंशाला ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव दिले. मोठ्या जातींत छत्रीच्या मध्यावर टोक असते आणि दांडा मुळासारखा लांब होऊन जमिनीखाली वारुळापर्यंत जातो. म्हणून वरून मोडू नये, खणून पाहावे.

दुसरी परीक्षा शिक्षकांनी वर्गात अवश्य करून दाखवावी. दांडा कापून छत्री पडद्यांच्या बाजूने पांढऱ्या कागदावर ठेवा, वर भांडे झाका. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंची भुकटी पडलेली दिसेल. वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबी, हिरवळीवरच्या त्या विषारी छत्रीची हिरवट. मग हात स्वच्छ धुवा. पण ध्यानात ठेवा, एवढ्यावरून कोणतीही छत्री खाण्याजोगी ठरत नाही. चांदीचे नाणे काळे पडते, किडा लागलेली चालते, या तर निव्वळ समजुती.

जाणतेही फसतात. थंड मुलखात पाइनसारख्या झाडांच्या कुजक्या खुंटांवर गॅलेरिना ही तपकिरी छत्री उगवते. ती तिथल्या एका खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. तिचे विष शिजवून जात नाही. सहा-सहा तास, कधी त्याहून अधिक, काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, थोडा आराम पडल्यासारखा वाटतो, आणि पुढे यकृत निकामी होते.

तेव्हा रानाची जाण असलेल्या माणसाने ओळखून दिलेलीच अळंबी घ्या. शंका आली, तर फेकून द्या. खाऊन त्रास झालाच, तर बरे वाटायची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी बरोबर न्या. एका जेवणाची चव गेली तर जाऊ द्या, जीव जाता कामा नये.