शाळेतील संगणकाचे अपडेट : खोळंब्याची कारणे व उपाय

शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे भरण्याचा अखेरचा दिवस असावा, मुख्याध्यापकांनी सकाळीच संगणक सुरू करावा, आणि पडद्यावर फिरत्या ठिपक्यांखाली ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ अशा अर्थाची सूचना तासभर तशीच राहावी, हा अनुभव जिल्ह्यातील पुष्कळ शाळांस अपरिचित नाही. अशा वेळी चिडून विजेचे बटण बंद केले जाते. पुढे यंत्र सुरूच होत नाही, आणि दोन वर्षांची पत्रके, निकालपत्रके व हजेरीचे तक्ते आत अडकून राहतात. एक-दोन मुलांचे आवेदनपत्र मुदतीत न जाणे ही त्या मुलांच्या दृष्टीने काही लहान हानी नव्हे. म्हणून हे अपडेट म्हणजे काय, ते इतका वेळ का घेते आणि त्याला शाळेच्या वेळापत्रकात कोठे बसवावे, याचा थोडा विचार होणे अगत्याचे आहे.

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारी निरनिराळी कामे यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेक शाळांतून ती विंडोज असते. तीत कोट्यवधी ओळींचा मजकूर असल्याने उणिवा राहतातच. त्या सापडतील तशा दुरुस्त करून कंपनी पाठवीत असते. विंडोजची ही नियमित दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत प्रसिद्ध होते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. सबब बुधवारी सकाळी शाळेचा संगणक मंद का झाला, याचे उत्तर पुष्कळदा पंचांगात नसून या मंगळवारात असते.

वेळ कोठे जातो? पहिला भाग उतरवून घेण्याचा. मासिक अपडेट काही शे मेगाबाइटांपासून एक गिगाबाइट वा त्याहूनही अधिक भरते, आणि शिक्षकाच्या मोबाइलवरून घेतलेल्या इंटरनेटवर ते उतरण्यास वेळ लागणे स्वाभाविक आहे. परंतु खरा खोळंबा त्यानंतर होतो. उतरलेली गाठोडी सोडवावयाची, प्रत्येक भाग अस्सल आहे की नाही हे तपासावयाचे, जुन्या फाइलीची प्रत बाजूस ठेवून नवी तिच्या जागी बसवावयाची, असे हजारो लहान फाइलींच्या बाबतीत करावे लागते. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क ही फिरती तबकडी असते. डेस्कटॉप संगणकात ती सामान्यतः मिनिटास ७,२०० आणि लॅपटॉपमध्ये ५,४०० फेरे घेते. एकच मोठी फाइल वाचताना ती बरी चालते. पण इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली शोधताना तिच्या सुईला सारखे मागेपुढे धावावे लागते. फिरता भाग नसलेली एसएसडी बसविलेल्या यंत्रावर जे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते, त्यालाच येथे दोन तास लागू शकतात. शाळेकडे थोडीबहुत रक्कम शिल्लक असेल तर नवा संगणक घेण्याच्या विचारापूर्वी जुन्यास एसएसडी बसवून घेणे हा बहुधा अधिक शहाणपणाचा खर्च ठरतो.

संगणक बंद करून पुन्हा सुरू का करावा लागतो, असेही विचारले जाते. वर्ग भरलेला असताना त्याच वर्गावरील कौले काढता येत नाहीत, मुलांना आधी बाहेर न्यावे लागते. तद्वत यंत्र चालू असताना ज्या फाइली सतत वापरात असतात त्या बदलता येत नाहीत. म्हणून त्यांची अदलाबदल बंद होताना व सुरू होताना केली जाते. हाच सर्वांत नाजूक काळ होय. शाळा सुटल्यावर शेवटी निघणारे शिक्षक सवयीने मेन स्विच खाली ओढतात आणि नेमके तेव्हाच आत हे काम चालू असते. वीज गेल्यास प्रणाली बहुधा स्वतःला पूर्वपदावर आणते, परंतु प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. भारनियमनाच्या गावी यूपीएसची बॅटरी चालू स्थितीत नसेल तर मोठे अपडेट सुरूच करू नये.

पडद्यावरील टक्क्यांचा आकडा कामाचे टप्पे दाखवितो, वेळ दाखवीत नाही. तो तीसवर पाऊण तास थांबला म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजून दोन-तीन तास वाट पाहावी.

एवढा त्रास असेल तर अपडेट कायमचे बंदच का करू नये? काही जाणकार म्हणविणारे लोक तसे करूनही देतात. याचे उत्तर २०१७ साली मिळाले. विंडोजमधील एका उणिवेची दुरुस्ती त्या वर्षीच्या १४ मार्चला उपलब्ध झाली होती. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, त्याच उणिवेतून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला व दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांवर संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ रुग्णालय-न्यासांपैकी किमान ८० न्यासांच्या कामात व्यत्यय आला आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ज्या यंत्रांवर मार्चची दुरुस्ती बसली होती, ती या उणिवेतून होणाऱ्या संसर्गापासून सुरक्षित राहिली.

तथापि घाईही तितकीच अनिष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची जी नवी आवृत्ती निघाली, तिने काही लोकांच्या फाइलीच नाहीशा केल्या. काही दिवसांतच ती मागे घेण्यात आली आणि सुधारून नोव्हेंबरमध्ये पुन्हा देण्यात आली. यावरून असे धोरण ठेवणे बरे की, मासिक सुरक्षा-दुरुस्ती आठवड्याभरात घ्यावी, पण संपूर्ण आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट काही आठवडे इतरांना वापरू द्यावे. मोठ्या अपडेटपूर्वी मुख्य डिस्कवर किमान २० जीबी जागा मोकळी असावी आणि शाळेची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवावा. नवी आवृत्ती मानवली नाही तर सामान्यतः पहिल्या दहा दिवसांत जुनीकडे परतता येते.

वेळापत्रकाच्या दृष्टीने शनिवार सोईचा आहे. सकाळची शाळा सुटल्यावर, दुसऱ्या मंगळवारानंतरच्या शनिवारी, एका शिक्षकाने संगणकाजवळ बसून अपडेट पूर्ण करून घ्यावे. मधल्या दिवसांसाठी सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नोंदविता येतात. हा अवधी जास्तीत जास्त १८ तासांचा असू शकतो आणि त्यात यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत नाही. आवेदनपत्रांच्या वा परीक्षेच्या आठवड्यात ‘पॉज’ची सोय वापरून अपडेट काही काळ थांबवावे. मोबाइलवरून इंटरनेट घेतल्यास ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी, म्हणजे बहुतेक अपडेटे आपोआप उतरत नाहीत. शाळेत एकाहून अधिक संगणक एकाच वायफायवर असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सुरू करावे. एका यंत्राने उतरविलेले भाग मग दुसऱ्यास त्याच्याकडून मिळतात आणि इंटरनेट वाचते.

अपडेट पुनःपुन्हा अपेशी ठरत असेल तर प्रथम जागा व इंटरनेट पाहावे, मग प्रणालीतील ‘ट्रबलशूटर’ चालवावा. त्यानेही न भागल्यास अर्धवट उतरलेले भाग खराब झालेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी तंत्रस्नेही शिक्षकाने अपडेटची सेवा थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरातील डाऊनलोड रिकामे करावे व सेवा पुन्हा सुरू करावी. विंडोजच्या इतर फोल्डरांतून मात्र हाताने काही पुसू नये.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागेबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि कित्येक शाळांतील संगणक याच अटीवर अडतात. आडमार्गाने ती बसवून देणारे भेटतात, पण पुढील अपडेटांची हमी अशा यंत्रांस नसते. नोंदणी करून काही मुदतीपुरती जास्तीची सुरक्षा-दुरुस्ती घेता येते, अथवा उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसविता येते. तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे दुरुस्ती मिळते आणि बहुतेक अपडेटे काम चालू असतानाच बसतात. केरळातील सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीवर शिक्षण अनेक वर्षे चालू आहे. बदल करण्यापूर्वी शाळेचा प्रिंटर व मराठी टंकलेखन तीवर चालते याची खात्री एका यंत्रावर करून घ्यावी.

काही नव्या संगणकांतील डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि एखाद्या अपडेटनंतर यंत्र एकाएकी ४८ अंकी किल्ली मागू लागते. ही किल्ली ज्या ई-मेल खात्यावरून संगणक प्रथम सुरू केला त्या खात्यात बहुधा जपलेली असते. ते खाते बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचे असेल तर फारच अडचण होते. संगणक ताब्यात घेताना-देताना ही किल्ली कागदावर उतरवून, यादीतील यंत्राच्या क्रमांकासह, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावी आणि पदभार हस्तांतरणाच्या यादीत तिची नोंद करावी.