मुलांच्या व्यसनाचे मोजमाप

सुरत शहरात उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे वसली आहेत. समजा, तेथील चौदा वर्षांच्या मुलास कोणी विचारले, “तू तंबाखू खातोस काय?” तो “नाही” म्हणेल, कारण तो खातो ‘मावा’! मिसरीने दात घासणारी त्याची बहीणही “नाही”च म्हणेल. तिच्या लेखी ते दंतमंजन होय. दोघेही खोटे बोलली नाहीत. नोंद मात्र खोटी झाली. आणि ज्याची नोंदच नाही, त्याच्या मदतीस कोण धावणार?

म्हणूनच अनेक वर्षे चालणाऱ्या संशोधनात प्रश्नाची निवड ही मुख्य बाब ठरते. 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या जागतिक तंबाखू पाहणीत “गेल्या तीस दिवसांत एकदा तरी सेवन केले काय?” असे विचारतात. “कधी तरी चाखले काय?” एवढेच विचारले, तर क्षणाचे कुतूहल आणि जडलेली सवय यांतील भेद कळत नाही. 2019 साली भारतात या मापाने शेकडा 8.5 विद्यार्थी तंबाखू सेवन करणारे आढळले. माप तेच राहिले, तरच पुढील आकड्याशी तुलना करता येते.

तथापि पदार्थांची नावे पालटतात. गुजरातेत 2012 साली गुटख्यावर बंदी आली; मग पानमसाला व तंबाखू निरनिराळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करण्याची रीत पडली. केवळ गुटख्याविषयी विचारणाऱ्यास व्यसन घटल्याचा भास होईल! सबब मूळ प्रश्न कायम ठेवून नव्या वस्तूंची नावे त्यात जोडावी लागतात.

लघवीच्या तपासणीने तंबाखूचा अंश कळतो खरा, पण तो गेल्या काही दिवसांपुरताच. दारूची गोष्ट आणखी नाजूक. गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. तेथे मुलगा नाव देऊन कबुली कशी देईल? अशा वेळी नावाऐवजी गुप्त क्रमांक द्यावा, म्हणजे त्याच मुलाची उत्तरे वर्षानुवर्षे जुळविता येतात व त्याची अब्रूही राखली जाते. शिवाय, शाळा सोडून यंत्रमागावर गेलेला मुलगा शाळेतील पाहणीत सापडतच नाही; त्यास घरी वा कामावर गाठावे लागते.

आईबापांनीही यातून बोध घ्यावा. मुलास रागावून “व्यसन करतोस काय?” असे विचारू नये. वस्तूचे नाव घेऊन, शांतपणे आणि वरचेवर विचारावे. खरे उत्तर तेव्हाच मिळेल.