पाणी हाकलायचं की थांबवायचं?
26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस कोसळला. कुलाब्यात मात्र शंभर मिमीसुद्धा नाही. या प्रलयानंतर वास्तुरचनाकार अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी नकाशे, छायाचित्रं, छेदचित्रं यांतून ‘सोक’ हे प्रदर्शन उभं केलं. 2009 मध्ये ते फोर्टच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं. मुंबई हा खाडीमुखाचा प्रदेश आहे. जमीन आणि समुद्र यांच्यातली रेघ नकाशाकारांनी ओढली, भरती ती मानत नाही, अशी त्यांची मांडणी. म्हणून पाणी हाकलू नका, सामावून घ्या. नाले रुंद करण्यातच अडकलेल्या शहराला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं! पुढे महापालिकेने पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरातलं पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या.