सोडतीचे यंत्र

अथेन्सच्या प्राचीन अगोऱ्यात, १९५० च्या दशकात पुन्हा उभारलेल्या अट्टालसच्या स्तंभमंडपात जे वस्तुसंग्रहालय आहे, तेथे मूर्तींपेक्षाही मला अधिक वेळ खिळवून ठेवले ते एका भग्न संगमरवरी शिलाखंडाने. त्यावर ना देवता, ना वीर. ओळीने कोरलेल्या अरुंद खाचा तेवढ्या. अशा यंत्रावर न्यायपंचांची सोडत कशी निघत असे, याचे वर्णन ॲरिस्टॉटलच्या नावे चालत आलेल्या आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात इतके तपशीलवार आहे, की खाचांवरून नजर फिरवीत सारा विधी मनाशी पडताळून पाहता येतो.

तिशी ओलांडलेला नागरिक सकाळी हजर होई तो आपली पट्टी घेऊन. तिच्यावर त्याचे नाव, बापाचे नाव आणि मौजाचे नाव कोरलेले असे. पट्ट्या यंत्राच्या पाच रकान्यांत खोचल्या, की बाजूच्या नळीतून काळेपांढरे फासे एकेक करून खाली येत; पांढरा आला तर त्या आडव्या ओळीतल्या पाचही जणांना न्यायासन, काळा आला तर पाचांनाही रजा. पुढे कोणत्या न्यायालयात बसावयाचे, तेही दुसऱ्या सोडतीनेच ठरे. मग लाच द्यावयाची म्हटली तरी ती कोणाला?

ब्राँझच्या मतचकत्या पाहिल्या, की ही सावधगिरी अधिकच स्पष्ट होते. फिर्यादीच्या बाजूच्या चकतीचा आस पोकळ, प्रतिवादीच्या चकतीचा भरीव. परंतु आसाची टोके चिमटीत झाकली गेली, म्हणजे शेजाऱ्यालाही कौल कळू नये. नागरिकाच्या सद्‌गुणांवर विसंबून नव्हे, तर त्याचा लोभ आणि त्याची भीती गृहीत धरूनच अथेन्सने आपला कारभार रचला होता.

यंत्रापुढे धनिक आणि मोलकरी सारखेच होते खरे; पण पट्टीच कोणाच्या हाती पडावी, हा निवाडा यंत्राच्या आधीच होऊन गेलेला असे. स्त्रिया आणि दास वगळलेले, इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीसच्या कायद्यान्वये आई आणि बाप दोघेही अथेनियन असणे आवश्यक. आणि कर भरणारा, लष्करी चाकरी करणारा परदेशी रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही परकाच. स्टॅगिराहून आलेला ॲरिस्टॉटल याच वर्गातला: ज्याच्या नावाच्या ग्रंथातून ही यंत्रणा आपल्याला उमगते, त्याला स्वतःला तिच्या एकाही खाचेत पट्टी घालण्याचा अधिकार नव्हता.