फक्कीची रेघ

गेल्या मे महिन्यात कुडाळला जाताना पोलादपूर मागे पडलं आणि मी सवयीने सावरून बसलो. पाठ टेकवली, पाय रोवले. आता कशेडी. भाची गाडी चालवत होती. "मामा, काय झालं?" असं ती विचारेपर्यंत गाडी बोगद्यात शिरली, दिवे सरासर मागे गेले आणि बाहेर आलो तो रत्नागिरी जिल्हा. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत उरकला होता. मागच्या सीटवर बसलेल्या तिच्या सात वर्षांच्या लेकीने टॅबवरून मान वर केली नाही. करून तरी काय बघणार होती म्हणा! काँक्रीट.

२०११पासून रुंदीकरण चाललेला हा रस्ता एकदाचा कुठेतरी सुधारला, याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कुणाचा, ते कुडाळपर्यंत ठरेना.

या रस्त्याच्या आठवणी काढायच्या तर सत्तरच्या दशकातलं मला लाल एसटी आणि आईची मांडी यापलीकडे काही आठवत नाही. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि आम्ही रात्री झोपून सकाळी गावी पोचायला लागलो. झोपून केलेल्या प्रवासावर काय लिहायचं? पुढची वीस वर्षं सहलकंपन्यांच्या टोप्यांची आणि बिल्ल्यांची. ती सोडूनच देतो. माझं दशक ऐंशीचं. बाबांनी दुसऱ्या हाताची फियाट घेतली तिथून ते सुरू झालं आणि ती भंगारवाल्याने दोरी बांधून ओढून नेली तिथे संपलं.

हँडगिअरची गाडी, त्यामुळे पुढचं सीट सलग. बाबा आणि अप्पाकाका यांच्या मधल्या फटीत मी. मागे आजी, आई, ताई आणि आतेभाऊ. टपावर कॅरिअर, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर सुंभ. ठाण्याहून पहाटे चारला निघायचं, म्हणजे आई दोनला उठलेली. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी. अर्धी अर्धी अ‍ॅव्होमिनची गोळी मुलांच्या घशात, हातात लिंबू, बुडाखाली वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर बसलं की उलटी होत नाही हे शास्त्र आजीचं. आतेभावाला ते एकदाही लागू पडलं नाही.

पहिली खेप १९८१च्या मे महिन्यातली. त्याच वर्षी १ जानेवारीला कुलाब्याचं रायगड झालं होतं आणि १ मेला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला होता. "तुमच्या पुस्तकातला नकाशा आता रद्दी," असं बाबा पेणपर्यंत तीनदा म्हणाले. मी चौथी पास होऊन पाचवीत जाणार होतो आणि जिल्ह्याची हद्द म्हणजे रस्त्यावर आखलेली रेघ असणार, खो-खोच्या मैदानावर फक्कीने मारतात तशी, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कशेडीच्या माथ्यावर बाबांनी गाडी उभी केली. हद्द दाखवायला नव्हे, रेडिएटर उकळला म्हणून. बॉनेट उघडून ते इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका गुंडाळत होते, अप्पाकाका डबा घेऊन झऱ्यावर गेला होता, आणि मी हद्दीच्या फलकापाशी ओणवा होऊन रेघ शोधत होतो. सापडली नाही. ट्रकवाले धुऊन टाकत असतील, असं ताईने समजावलं. मी ते पुढची दोन वर्षं खरं मानलं.

आमचं स्थलदर्शन असं चालायचं. बाबांची यादी वेगळी होती. चवदार तळं, गांधारपाल्याची लेणी, परशुराम, कसब्याचं कर्णेश्वर, राजापूरजवळचे उन्हाळ्याचे झरे. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, फलक मोठ्याने वाचायचा आणि 'काय कळलं?' याला उत्तर द्यायचं. बाबा वाईट शिक्षक नव्हते. चवदार तळ्याच्या काठावर १९२७चा सत्याग्रह त्यांनी सांगितला तो मला अजून पाठ आहे, कारण तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पण बाकी ठिकाणी ते सांगायचे एक आणि आम्ही बघायचो भलतंच. रायगड आम्ही ऐन मेमध्ये चढलो. रोपवे नव्हता, तो १९९६चा. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या. टकमक टोकावर बाबा म्हणाले, "इथून कडेलोट करत." आतेभावाने विचारलं, "मग खाली उचलायला कोण जायचं?" त्याला टप्पल बसली, पण प्रश्न चोख होता, आणि त्याचं उत्तर बाबांना येत नव्हतं हे आम्हा तिघांना एकाच क्षणी कळलं. त्या दिवसाचं मला ते आठवतं, आणि उतारावर एका म्हातारीने विकलेलं ताक. जगदीश्वराच्या पायरीपाशी आम्ही होतो याला पुरावा फोटोचा. क्लिक थ्री कॅमेऱ्यात बारा फोटो यायचे, त्यातले अकरा बाबांच्या यादीवर खर्च होत.

शाळा सुरू झाली की निबंध असायचा. मी रेडिएटर, ताक आणि टप्पल लिहिली. बाईंनी दहापैकी चार दिले आणि शेरा मारला, 'स्थळांची माहिती नाही.' शेजारच्या मुलाने मार्गदर्शिकेतून उतरवून काढलं, त्याला आठ. बाई आता नाहीत, पण ते चार गुण मी अजून सोडलेले नाहीत.

खिडकीचा तंटा हा स्वतंत्र विषय. पिवळ्या टोपीचे किलोमीटरचे दगड मोजायचे आणि पन्नास झाले की खिडकी बदलायची, असा करार होता. ताई चाळीसनंतर झोपेचं सोंग घ्यायची. पण त्या दगडांमुळेच मला हा रस्ता पाठ झाला. इंदापूर दोन आहेत हे कळलं. डोळे मिटूनही कुठे आलो ते सांगता यायचं, कारण काचा खाली असायच्या. पेणजवळ मिठागरांचा वास, कणकवलीच्या पुढे काजूच्या बोंडांचा आंबूस वास. महाडजवळ सावित्रीच्या पुलावर आजी पाच पैशाचं नाणं आमच्या हातून नदीत टाकायची. तो ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि आणखी माणसं घेऊन. बातमी ऐकली तेव्हा मला आधी आजीची नाणी आठवली आणि मग स्वतःची लाज वाटली.

पुलावरून आठवलं. १९८६च्या दिवाळीत गोव्याला जायचं ठरलं. त्याच जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला होता. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. अप्पाकाका म्हणाला, फेरीबोट आहे ना. बेतीला गाड्यांची ही रांग. तास, दीड तास. शेवटी फियाट लोखंडी पत्र्यावरून धडधडत बोटीत चढली, एका पोऱ्याने चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि आपली गाडी बंद असूनही पुढे जातेय हे दृश्य आम्ही तिघांनी सीटवर उभं राहून पाहिलं. बाजूला मोडका पूल. पाण्यातून वर आलेले खांब आणि मध्ये नुसतं आभाळ. त्यानंतर बाबांनी आम्हाला जुन्या गोव्याची चर्चं दाखवली, बॉम जेझू दाखवलं, झेवियरची पेटी दाखवली. मी प्रामाणिकपणे सांगतो, मला परतीची फेरीबोट हवी होती.

हे सगळं गोड करून सांगायचा मोह होतो, म्हणून आईचं सांगायला हवं. दहा वर्षांत तिला खिडकी मिळाली नाही. पोरं कडेला, ती मध्ये, मांडीवर डबा आणि पायाशी उलटीची पिशवी. वाटेत बायकांसाठी सोय नावालाही नव्हती. कुठल्या वळणावर झाडी दाट आहे हे तिला आणि आजीला पाठ होतं. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला कर्णेश्वराचं कोरीव काम आठवतं का, असं विचारलं. ती म्हणाली, "तिथे पाणी चांगलं होतं. तांब्या भरून घेतला होता." त्यामुळे आजची स्वच्छतागृहं बघून कुणी नाकं मुरडली तर मी ऐकून घेत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. चौपदरीकरणात दोन्ही बाजूंचे वड गेले, त्यांची सावली गेली. गावं उड्डाणपुलाखाली गेली. काचा वर, एसी चालू, आणि पोराने कटकट करू नये म्हणून घरातून निघतानाच टॅब भरून घ्यायचा. पोहोचलं की किल्ल्यावर उतरवायचं आणि फोटोसाठी हसायला लावायचं. बाबांची यादी जशीच्या तशी राहिली आहे, आणि आमची गेली. आम्ही कटकट करत होतो, पण बाहेर बघून करत होतो.

परतताना मी भाचीला म्हटलं, "अगं, जुन्या घाटाने घे." तिला ते पटलं नव्हतं, पण मामाचं वय झालंय म्हणून घेतलं. जुना रस्ता मोकळाच होता. चौथ्या वळणावर लेक म्हणाली पोटात कसंतरी होतंय, पाचव्यावर तिला उलटी झाली. मायने आरशातून माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. माथ्यावर थांबलो, चूळ भरवली, लिंबू दिलं. कठड्यावर माकडं होती. मी तिला सांगितलं, बघ, हा रत्नागिरी जिल्हा संपला, पुढे रायगड. तिने रस्त्याकडे खाली पाहिलं आणि विचारलं, "कुठे संपला?"

आता तिला त्या प्रवासाबद्दल विचारलं की ती उलटी आणि माकडं सांगते. माकडं तीन होती म्हणते. माझ्या मते दोन. बोगद्याचं तिला काही आठवत नाही, मी विचारून पाहिलं.