मधुमेही पुरुष आणि वाजीकरण : आधी काय, नंतर काय?

अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या दांपत्याजवळ पत्नीच्या तपासण्यांची जाडजूड फाईल असते. पतीची मात्र बहुधा एकही तपासणी झालेली नसते. तो संकोचाने एवढेच म्हणतो, "वैद्यराज, अशक्तपणा आहे, एखादा पाक द्या." आपणही मुसळीपाक वा अश्वगंधापाक लिहून मोकळे होतो. हे पाक शर्करायुक्त असतात आणि समोरचा रुग्ण कदाचित मधुमेही असेल, याचा विसर पडतो.

चरकांनी प्रमेहाच्या दूष्यांत शुक्राची गणना केली आहे. आजचे ज्ञानही त्याच दिशेने जाते. रक्तातील वाढलेल्या साखरेने नाड्या व रक्तवाहिन्या बिघडून ध्वजभंग होतो. मूत्राशयाच्या मुखाचे नियंत्रण सुटल्यास वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. टाइप २ मधुमेहात, विशेषतः स्थूल रुग्णांत, टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळते. शुक्राणूंच्या डीएनएचीही हानी होऊ शकते. ती नेहमीच्या वीर्यतपासणीत दिसत नाही.

म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी आणि वीर्यतपासणी करावी. वीर्याचे प्रमाण फारच अल्प असल्यास स्खलनानंतरच्या मूत्रात शुक्राणू आहेत का, हे पाहावे. ध्वजभंग हा हृद्रोगाचा पूर्वसंकेत असू शकतो. तेव्हा रक्तदाब व हृदयाची तपासणी टाळू नये.

चिकित्सेत स्थूल व बलवान प्रमेहीस संशोधन, कृश व दुर्बलास बृंहण, हा चरकोक्त भेद विसरू नये. पथ्य, व्यायाम, वजन घटविणे व तंबाखू-मद्याचा त्याग यांवाचून औषधास बळ येत नाही. चालू असलेले इन्सुलिन वा गोळ्या परस्पर बंद करवू नयेत. गुडमारासारखी द्रव्ये त्यांच्या जोडीला देताना साखर अतिशय उतरण्याचा धोका ध्यानी घ्यावा. वाजीकरण त्यानंतर, तेही चूर्ण वा क्वाथ अशा शर्करारहित कल्पांत. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा शास्त्रकारांचा दृष्टान्त येथे तंतोतंत लागू पडतो.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. साखर आटोक्यात आल्यावर किमान तीन महिन्यांनी पुन्हा वीर्यतपासणी करावी. तत्पूर्वी यशापयशाचा निर्णय देऊ नये. मात्र पत्नीचे वय अधिक असल्यास किंवा वीर्यात शुक्राणूच नसल्यास कालहरण न करता तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधालयचालकांना एक विनंती. तत्काळ 'शक्ती' देणाऱ्या अज्ञात उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ वेळोवेळी आढळली आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णास ती प्राणघातक ठरू शकते. तसेच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मितीच थांबवितात, हे अपत्येच्छू ग्राहकास सांगणे आपले कर्तव्य होय. पाकाची बरणी हाती देण्यापूर्वी "साखर तपासली आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला, तरी एखाद्या दांपत्याची वर्षे वाचतील.